३१ मेची माणसं

महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं किती, याचा हिशेब मांडायला बसलं तर सटवाईसुद्धा चक्रावेल. नाव घालायला आलेल्या बापाला पोराची जन्मतारीख विचारली की तो सांगायचा, ‘विहिरीला पाणी लागलं त्या साली झालं.’ गुरुजी काय करणार? शाळा जूनला सुरू होते, वय तर बसवायलाच हवं, म्हणून १ जून लिहून मोकळे व्हायचे. ती तारीख जनरल रजिस्टरातून दाखल्यावर येते, दाखल्यावरून सेवापुस्तकात जाते, आणि मग एक दिवस त्या माणसाला घरी पाठवते. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे ३१ मेला राज्यातली कितीतरी टेबलं एकदम रिकामी होतात. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्या एका दिवशी हार घालून घेतात.

शाळेची पंचाईत अशी की ३१ मेला शाळाच नसते. सुट्टी लागून महिना होत आलेला असतो. म्हणून निरोप समारंभ एप्रिलच्या अखेरीस, शेवटचा पेपर आणि निकालपत्रकं यांच्या मधल्या फटीत कोंबावा लागतो. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी तेव्हा पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. शाळा सकाळची. समारंभाची वेळ नऊची आणि अध्यक्ष येणार साडेदहाला. तोपर्यंत मुलींनी स्वागतगीत तीनदा म्हणून झालेलं असतं, चौथ्यांदा म्हणताना त्यात कसलंच स्वागत उरलेलं नसतं.

यंदा आमच्या मुलींच्या हायस्कुलातून एका दमात तिघी चालल्या. मोठ्या बाई निवृत्त. गणिताच्या बाई ‘अतिरिक्त’ ठरून दुसऱ्या शाळेत. आणि शाळेच्या शिपाई, आमच्या मावशी, निवृत्त. सूचनावहीत पहिल्या दोन बातम्या निळ्या शाईत, व्यवस्थित समास सोडून होत्या. मावशींची ओळ खाली काळ्या शाईत, कुणीतरी आठवण केल्यावर घातलेली.

मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिकेला मोठ्या बाई म्हणतात, मग त्या उंचीने कितीही लहान असोत. आमच्या तर माइकसमोर उभ्या राहिल्या की पहिल्या रांगेला फक्त अंबाडा दिसायचा. अध्यक्षांनी भाषणात वटवृक्ष काढला. तो दरवर्षी निघतो. दहावीच्या निकालाची टक्केवारी, विज्ञान प्रदर्शन, नवं संगणक दालन, सगळं सांगून झालं. त्यात खोटं काही नव्हतं. पण मोठ्या बाईंचं खरं काम त्या यादीत नव्हतं, आणि ते तसं व्यासपीठावरून सांगण्यासारखंही नाही.

आमच्या भागात वार्षिक परीक्षा आणि लग्नसराई हातात हात घालून येतात. नववीचा शेवटचा पेपर झाला की काही घरांत मांडवाची बोलणी सुरू होतात. जूनमध्ये दहावीचा वर्ग भरतो तेव्हा हजेरीपटावर एखाद-दोन नावं पुढे पुढे ओढली जातात, मग एक दिवस लाल रेघ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, राज्यातल्या विशीतल्या (२० ते २४ वयाच्या) बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के अठरा पूर्ण व्हायच्या आतच बोहल्यावर चढलेल्या निघाल्या. सोलापूर जिल्हा त्या सरासरीच्या बराच वर आहे. टक्केवारी वाचताना काही वाटत नाही हो. वर्गात चाळीस मुली समोर बसलेल्या असताना मात्र नजर आपोआप बाकांवरून फिरायला लागते.

मोठ्या बाईंची पद्धत ठरलेली होती. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं की निकाल. नववीच्या प्रत्येक मुलीचं प्रगतिपुस्तक त्या स्वतः हातात द्यायच्या आणि विचारायच्या, ‘जूनला येणार ना?’ उत्तरापेक्षा मुलीची मान कुठे वळते ते बघायच्या. संशय आला की आईला बोलवायच्या. वडिलांना कधीच नाही. ‘वडिलांना बोलावलं की ते आधी कारण विचारतात. आईला बोलावलं की ती नुसती येते.’ मग चहा, पोरीच्या अक्षराचं कौतुक, एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकटच आहे, दहावी पदरात पडली की नर्सिंगला लावता येईल, असं सगळं बोलणं. कायदा त्या शेवटी काढायच्या. गावचा ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन केला तर मांडवात माणसं येतात, हे त्या अगदी मऊ आवाजात, बिस्किटाची बशी पुढे सरकवत सांगायच्या. काही लग्नं थांबली. काही मामाच्या गावाला जाऊन लागली.

पण कुणाला बोलवायचं हे त्यांना कळायचं कसं? शिक्षकांना वर्गातलं कळतं. घरातलं कळायचं ते मावशींना.

‘बाई, नववी ब मधल्या त्या लांब वेणीवालीच्या घरी पाव्हणं येऊन गेलं.’

‘कुणी सांगितलं?’

‘सांगाया कशाला पायजे? पोरगी दोन दिस डबा खाईना झाली. काल इचारलं तर म्हणती, मावशी, तुमचं लगीन झालं तवा तुमी केवढ्या होता.’

असा प्रश्न नववीतली पोर मराठीच्या बाईंना विचारत नाही. मी वर्गात स्त्रीशिक्षणावर निबंध लिहून घेते. चांगले लिहितात. त्या निबंधांतून मला एकदाही असं काही कळलेलं नाही.

गणिताच्या बाईंची गोष्ट वेगळी आहे. ती फक्त कागदावर घडली. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते. म्हणजे कोणत्या शाळेत किती मुलं, त्यावरून किती शिक्षक, असं गणित. मुलं नुसती वर्गात बसून चालत नाहीत, त्यांचं आधार संगणकाला पटावं लागतं. नावात काना चुकला की मूल वर्गात आहे पण पटावर नाही. त्यात १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष बदलले. आणि सकाळी सात वाजता इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या आमच्या फाटकासमोरूनच मुली घेऊन जातात. तुकडी कमी झाली. तुकडीबरोबर पद गेलं. पद गेलं की त्यावरचं माणूस अतिरिक्त होतं. बाईंचं शिकवणं कमी पडलं असं कुणीच म्हणालं नाही. त्यांच्या विषयात दहावीला नापास होणाऱ्या मुली आम्ही बोटांवर मोजत होतो. पण सेवाज्येष्ठता यादीत त्या त्या गटात शेवटच्या, म्हणून त्यांचा नंबर.

समायोजनाला, म्हणजे अतिरिक्त शिक्षकांना रिकाम्या जागा वाटून देतात तिथे, त्या जिल्ह्याच्या गावी गेल्या तेव्हा मीही सोबत गेले होते. मोठा हॉल. पडद्यावर रिक्त पदांच्या शाळांची यादी. नाव पुकारलं की उठायचं, यादीतली एक शाळा सांगायची, सही करायची. पुढच्याने आपल्याला हवी ती शाळा घेतली की ती ओळ पडद्यावरून पुसली जायची आणि मागच्या रांगेतून एक सुस्कारा यायचा. बाईंचं नाव येईपर्यंत घरापासून जवळची म्हणावी अशी एकही ओळ उरली नव्हती. त्यांनी त्यातल्या त्यात एसटीचा थांबा असलेली शाळा निवडली. परत येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर न बघता वेळापत्रकाचा हिशेब करत होत्या. पहिली गाडी सहा दहा, स्वयंपाक पाचला, मुलाची रिक्षा साडेसहाला. बाईंचा हिशेब कधी चुकत नाही. तो जमतही नव्हता.

त्यांच्या गटातलं पद गेलं, पण भाषेच्या गटात एक जागा शिक्षकभरतीच्या सरकारी ‘पवित्र’ पोर्टलवरून भरली गेली. त्यावर एक तरुण सर आले आहेत. पोर्टलला शाळा मुलींची की मुलांची याचं सोयरसुतक नाही, आणि नसावंही. सर हुशार आहेत, लाजरे आहेत, पहिल्या आठवड्यात फळ्याकडेच तोंड करून शिकवत होते. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना १८,००० रुपये मानधन. यातून खोलीभाडं आणि गावी पाठवायचे पैसे वजा केले की उरतं ते सरांनी मला एकदा सांगितलं, पण ते इथे लिहावंसं वाटत नाही. त्यातही हे मानधन जानेवारी २०२३ पासून वाढलेलं. त्याआधीच्यांनी ८,००० वर काढले.

स्टाफरूममध्ये सध्या आणखी एक नवल आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने टीईटीबद्दल, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणारे आणि नोकरी पाच वर्षांहून जास्त उरलेले शिक्षक दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवेत. त्यामुळे मधल्या सुट्टीत चाळिशी-पन्नाशीच्या बायका डबा एका हाताने खात दुसऱ्या हाताने बालमानसशास्त्राचं गाइड उलटताना दिसतात. मुली दारातून डोकावतात आणि खुदकन हसतात. त्यांना न्याय मिळाल्यासारखं वाटत असावं.

मोठ्या बाईंच्या जागी कोण, हा प्रश्न संस्थेत दोन महिने धुमसला. खरं तर त्यात धुमसण्यासारखं काही नाही. खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत सेवाज्येष्ठता आहे, यादी आहे, यादीत पहिलं नाव आहे. पण पहिल्या नावाला वर्षभराचीच नोकरी उरलेली आणि दुसरं नाव कुणाच्या तरी नात्यातलं, म्हणजे चर्चेला भरपूर वाव. शेवटी नियमच जिंकला. शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता येईपर्यंत आमच्या भूगोलाच्या बाई प्रभारी. प्रभारी म्हणजे जबाबदारी सगळी, खुर्ची उसनी.

आता मावशी.

तीसेक वर्षांपूर्वी त्या शाळेत शिपाई म्हणून लागल्या तेव्हा नवरा नुकताच गेलेला, पदरात दोन लेकरं. चौथी शिकलेल्या. वीज गेली की विजेची घंटा बंद पडते, मग व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर त्यांचा हातोडा. नोटिसा फिरवणं, पाणी, फाटक, झाडलोट, ही झाली कामाची यादी. पण शाळेतली प्रत्येक मुलगी मावशींना ओळखत होती ती जिन्याखालच्या कपाटामुळे.

ते कपाट हिरवं, गोदरेजचं नव्हे, गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्याने ठोकलेलं. वरच्या कप्प्यात पॅडचे पुडे, सेफ्टी पिना, ग्लुकोजचा डबा, ओव्याची पुडी. खालच्या कप्प्यात गणवेशाचे जुने स्कर्ट, सलवारी, परकर, धुऊन घडी घातलेले. सहावी-सातवीतल्या एखाद्या मुलीला वर्गात पहिल्यांदा पाळी यायची. ती बाकावरून उठेना. मैत्रीण उठून दारात उभी राहायची आणि ‘मावशींकडे जाऊ?’ एवढंच विचारायची. आम्ही मान हलवायचो. पंधरा मिनिटांनी ती मुलगी दुसऱ्याच स्कर्टमध्ये परत येऊन बसायची, तोंड धुतलेलं, हातात ओव्याचे दाणे. तिचा स्वतःचा स्कर्ट मागच्या बाजूच्या दोरीवर वाळत असायचा, शाळा सुटेपर्यंत तो हातात मिळायचा.

कपाटातले कपडे परत आले की नाही, याची नोंद मावशी कशी ठेवतात हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा त्यांनीच दाखवलं. प्रत्येक स्कर्टाच्या नेफ्याला आतून एक रंगीत दोरा टाचलेला. हिरवा, जांभळा, नारिंगी, दोन पिवळे. वहीत मुलीचं नाव नाही, फक्त इयत्ता, तुकडी आणि रंग. ७ ब, जांभळा. ‘नाव लिवलं तर वही कुणाच्या हाताला लागंल,’ त्या म्हणाल्या. गोपनीयतेवरची जी प्रशिक्षणं आम्ही तालुक्याला जाऊन दिवसभर बसून घेतो, त्यात इतकं नेटकं काही मी ऐकलेलं नाही.

मोठ्या बाई गेल्या की मोठ्या बाई येतात. शिक्षक गेले की उशिरा का होईना, पोर्टल कुणाला तरी पाठवतं. मावशींच्या जागी कुणीही येणार नाही. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांमधली शिपायांची पदं माणूस निवृत्त होईल तशी व्यपगत, म्हणजे रद्द, करायचं ठरलं. बदल्यात शाळेला शिपाई भत्ता. मुंबई-पुण्याला पदामागे महिना १०,०००, इतर महापालिकांच्या हद्दीत ७,५००, आमच्यासारख्या ठिकाणी ५,०००. त्यात शाळेने आपल्या पातळीवर माणूस बघावं. पगार नाही, पेन्शन नाही, रजा नाही. पाच हजारांत दिवसभरासाठी बाई मिळत नाही. द्राक्षाच्या हंगामात बागेत त्याहून जास्त सुटतात. मिळालीच तर ती चार तास येईल, झाडून जाईल. तिने मुलींची नावं का लक्षात ठेवावीत?

मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. १० मार्च २०२२ च्या निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाले तेव्हा सगळं राज्य हादरलं, आणि सीसीटीव्हीचे, तक्रारपेट्यांचे, समित्यांच्या बैठकांचे आदेश धडाधड निघाले. आमच्याकडेही कॅमेरे बसले. तक्रारपेटी आली, तिला कुलूप आलं, कुलपाची किल्ली कुणाकडे याचा तक्ता आला. सगळं करायलाच हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण मुलींच्या स्वच्छतागृहापाशी, जिन्याखाली, फाटकावर एक कायमची, ओळखीची बाई असावी, ही साधी गरज एका हाताने लिहायची आणि त्या बाईचं पद दुसऱ्या हाताने खोडायचं, हे काय? कॅमेऱ्यात दिसतं, मान्य. पण लांब वेणीवाली दोन दिवस डबा खात नाही हे त्यात कुणी बघायचं?

१८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंवर रस्त्यात शेण-चिखल फेकला जायचा, हे आपण दर ३ जानेवारीला भाषणात सांगतो. त्यांच्या सोबतीला शाळेच्या मंडळींनी एक शिपाई दिला होता, असंही जुन्या आठवणींच्या आधारे सांगितलं जातं. ते मात्र भाषणात क्वचितच येतं. मुलींच्या शिक्षणाच्या अगदी आरंभापासून शिकवणाऱ्या बाईइतकंच सोबतीचं माणूस लागलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ मी घेते. आता त्याची गरज संपली असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा आमच्या शाळेच्या वेळेत एसटी स्टँडवर उभं राहून दाखवावं. मावशी शेवटची बस सुटेपर्यंत तिथल्या पाणपोईपाशी बसायच्या. ते त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं.

निरोप समारंभात मावशींना साडी, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. निवृत्त होणाऱ्या माणसाला घड्याळ का देतात, हे मला कधी उमगलेलं नाही. चार शब्द बोला म्हटल्यावर त्या माइकपाशी गेल्याच नाहीत. जागेवरूनच म्हणाल्या, ‘बोलायचं काय? कपाटाची किल्ली कुणाकडं द्यायची तेवढं सांगा, मग मी हार घालून घेती.’ मुली हसल्या. व्यासपीठावरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षांना कपाट कुठलं ते माहीत नव्हतं. मोठ्या बाईंना माहीत होतं, पण त्यांच्याही गळ्यात हार होता.

त्या दिवशी दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही बायकाच उरलो. किल्ली टेबलावर. खर्चाचं सोपं होतं, दरमहा वर्गणी आम्ही पूर्वीही काढत होतो. प्रश्न माणसाचा. तास चालू असताना वर्ग सोडून जिन्याखाली कोण जाणार? विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, कपाट उघडंच ठेवू, मुली आपलं आपण घेतील. मला ते पटलं नाही. पुडा घ्यायला कुणी लागत नाही, हे खरं. पण दारात उभ्या राहिलेल्या मुलीला ‘ये’ म्हणायला लागतं. बराच वेळ वाद झाला. मग मावशी आत आल्या, चहाचे कप गोळा करता करता ऐकत होत्या. म्हणाल्या, त्यांची सून दुपारची मोकळी असते, पोरं शाळेत गेल्यावर. पाच हजार तिला चालतील, पण पहिली ते शेवटची बस नाही जमायची, तिची म्हैस आहे.

तर तूर्त असं ठरलंय. कपाट सूनबाईंकडे, अकरा ते साडेचार. स्टँड आणि फाटक आमच्याकडे वाटून. नववीच्या मुलींच्या आयांना बोलवायचं काम प्रभारी बाईंनी मागून घेतलं, यादी मात्र त्या मावशींच्या घरी जाऊन करणार आहेत, कारण ३१ मेनंतरही गावात कुणाकडे पाव्हणं आलं ते मावशींनाच आधी कळणार. नव्या सरांनीही स्टँडची पाळी मागितली. थोडी चर्चा होऊन त्यांना ती दिली, गणिताच्या बाईंची सहा दहाची गाडीही तिथूनच सुटते, त्यांना सकाळी कुणीतरी ओळखीचं दिसेल. माझ्याकडे मंगळवार आणि शुक्रवार आलेत. शुक्रवारचा बदलून मागितलाय, त्या दिवशी आमच्या गावचा बाजार असतो आणि गर्दीत शंभर मुलींवर नजर ठेवायला मावशी लागतात.